बाबाच्या मातीले

नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी मी क्लिनिक बंद ठेवत नाही. पण इतवारी-महालाकडची माणसं त्या दिवशी येत नाहीत, तिकडचे रस्ते मिरवणुकीनं तुडुंब भरलेले असतात. म्हणून दुपारी साडेचारला भाऊ दारात दिसले तेव्हा मला आश्चर्यच वाटलं. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात कापडी थैली, नखांच्या कडेला वाळलेली माती. गणेश चतुर्थी तीन दिवसांवर आलेली. या दिवसांत कुठलाही मूर्तिकार आपली जागा सोडून धरमपेठेत येऊन बसत नाही.

त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव घेत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. चितार ओळीतले, म्हणजे नागपूरच्या मूर्तिकारांच्या वस्तीतले आहेत असं धरून चाला, म्हणजे वातावरण कळेल.

ते पहिल्यांदा आले ते जेठात. तक्रार एकच होती. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायला बसलं की उजवा हात उठत नाही. माती मळणं, अंग जोडणं, सोंडेचा बाक काढणं, पितांबराची किनार रंगवणं, सगळं होतं. झिरो नंबरचा ब्रश काळ्या रंगात बुडवला की मात्र मनगट दगडासारखं जड. गेले काही हंगाम डोळे पुतण्या आखत होता. मेंदूच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, नसांत काही दोष निघाला नाही. मग मानसोपचारतज्ज्ञांनी माझ्याकडे पाठवलं.

मी मनोविश्लेषणाच्या पद्धतीनं काम करते. औषध देत नाही. समोरचा बोलतो, मी ऐकते, आणि बोललेल्याच्या पाठीमागे काय दडलं आहे त्याचा दोघं मिळून माग घेतो. शब्द हेच माझं हत्यार, आणि माझा त्यावर फार भरवसा. माझं बालपण पुण्यात गेलं, लग्नानंतर नागपूरला आले, त्याला आता अकरा वर्षं झाली. इथली बोली मला कळते असं मी समजत होते.

दुसऱ्या भेटीत भाऊंचं लक्ष भिंतीवरच्या एका चित्राकडे गेलं. "हा विष्णू इथं कसा?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था काढली. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, त्याच्याशी त्यांचा बरीच वर्षं पत्रव्यवहार होता. १९३१ मध्ये फ्रॉइडच्या ७५ व्या वाढदिवसाला कलकत्त्याच्या मंडळींनी विष्णूची हस्तिदंती मूर्ती व्हिएन्नाला पाठवली. त्यानं ती लिहिण्याच्या टेबलावर ठेवली. पुढे तिला तडे गेले, तेव्हा त्यानं लिहून ठेवलं की कलकत्त्याला सरावलेल्या या देवाला व्हिएन्नाची हवा मानवत नसावी. मला ही गोष्ट फार आवडते. भाऊंनी ती कारागिराच्या कानानं ऐकली. "कलकत्त्यात ओल. तिथं थंडी, अन् घरात आग पेटवून ठेवत असतीन. दाताची मूर्ती तडकणारच. तिले वल्ल्या कापडात ठेवा लागत होतं काही दिवस." एवढं बोलून ते पुन्हा आपल्या हाताकडे पाहत बसले.

वडिलांविषयी ते भरभरून बोलत. बाबा स्वतः माती निवडायला जायचे. चिमूटभर दाताखाली धरायचे, कचकच लागली की त्या ढिगाकडे पुन्हा बघायचे नाहीत. डोळे सगळ्यात शेवटी आखायचे, पहाटे, एकटे, दार लोटून. "आखणी होईपर्यंत ते फक्त माती असते मॅडम. डोळे उघडले की देव. मंग त्याच्यापुढे चपला घालून फिरायचं नाही." २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, बाबा गेले. हे त्यांनी एका वाक्यात उरकलं, आणि त्याला जोडूनच म्हणाले, "बाबाच्या मातीले गेलो नाही मी. तवापासून हे असं."

मी वहीत लिहिलं: वडिलांची माती सोडली.

कारण त्याआधीच मला कळलं होतं की भाऊंनी मध्यंतरी पीओपीचं काम सुरू केलं होतं. साचा, ओतकाम, भराभर माल. बाबांना ते पसंत नव्हतं. बस्स, माझ्या डोक्यात सगळं जुळून आलं. मुलानं वडिलांची माती नाकारली, वडील गेले, अपराधभाव राहिला. डोळे आखणं हा बाबांचा मान होता. तो हातात घेणं म्हणजे बाबांची जागा घेणं, आणि ते मनाला मंजूर नाही, म्हणून हात नकार देतो. इतकी रेखीव मांडणी क्वचित हाती लागते. दोन भेटींत मी ती थोडी थोडी करून भाऊंपुढे ठेवली.

त्यांनी मान हलवली. "असंन मॅडम."

"असंन" हा शब्द इथली माणसं समोरच्याला दुखवायचं नसलं की वापरतात. हे मला माहीत असायला हवं होतं.

आता मारबतीच्या दिवसाकडे येते. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन अजस्र मारबती निघतात. १८८० च्या दशकापासूनची ही रीत आहे. काळीचा संबंध इंग्रजांना फितूर झालेल्या, भोसले घराण्यातल्या बाकाबाईशी जोडतात, आणि मारबत म्हणजे पूतना असंही सांगतात. रोगराई, भांडणं, महागाई, सगळं तिच्या पदरात घालून "घेऊन जा गे मारबत" असं ओरडत तिला गावाबाहेर नेऊन जाळतात. सोबत बडगे असतात, त्या त्या वर्षीच्या रागाचे पुतळे. मी एकदा चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे यावर बोलले होते. तान्हं मूल आईची दोन रूपं करतं, दूध देणारी चांगली आई आणि छळणारी वाईट आई, ही मनोविश्लेषक मेलनी क्लाइनची मांडणी मी पूतनेच्या विषारी स्तनाला लावून दाखवली होती. आजही मला ती चूक वाटत नाही. पण त्या दिवशी भाऊंनी मारबतीबद्दल जे सांगितलं ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

"मिरवणूक पाहिली?" मी विचारलं.

"पाहिली. पोट्टे ओरडून राहिले होते. मी नुसता उभा होतो." थोडं थांबून म्हणाले, "मारबतीचे डोळे पाहिले तुम्ही? हे एवढाले. ते काढताना कोणाचा हात नाही थरथरत."

"का बरं?"

"तिले जाळाचीच असते ना."

मी म्हटलं, "गणपतीलाही आपण पाण्यात सोडतोच, भाऊ."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी भलतंच बोलले. "नाही मॅडम. मारबतीले आपण हाकलतो. गणपतीले पोचवतो. दही-पोहे देऊन, पुढच्या वर्षी ये म्हणून. वेगळं आहे ते." त्यांनी थैली मांडीवरून खाली ठेवली. "माह्या बाबाले कोणी पोचवलं नाही. मारबतीसारखं नेलं त्याले. म्हणून तर म्हणतो, मातीले गेलो नाही मी."

पोचवणं आणि माती, हे दोन शब्द त्या वाक्यात शेजारी येऊन बसले तेव्हा कुठे माझे कान उघडले.

"मातीला म्हणजे, भाऊ?"

"मातीले, मॅडम. मयतीले."

दहा आठवडे ते मला सांगत होते की मी बापाच्या अंत्यविधीला नव्हतो. आणि मी दहा आठवडे चिखलाबद्दल ऐकत होते. मातीला जाणं, माती देणं, हे काही फक्त विदर्भातले शब्द नाहीत. माझ्या आजीच्या तोंडीही ते होते. पण समोर मूर्तिकार बसलेला, हाताला माती, बोलण्यात माती, आणि माझ्याकडे तयार मांडणी. दुसरा अर्थ मला ऐकूच आला नाही. बाप कोरोनात गेला म्हटल्यावर शेवटचं दर्शन झालं का, हे कुणीही विचारलं असतं. मी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. ते स्वतः तेव्हा दुसऱ्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं बाबांना घेऊन गेली. धाकटा भाऊ लांब उभा होता, त्यानं मोबाइलवर एक फोटो काढला. फोटोत एक लांब थैली दिसते, वरपासून खालपर्यंत चेन लावलेली. तो फोटो भाऊंनी अजून ठेवला आहे, पण मला दाखवला नाही आणि मी मागितला नाही.

"डोळे मिटले होते का उघडे होते, कोणालेच मालूम नाही," ते म्हणाले. "एवढ्या देवायचे डोळे त्यानं उघडले. त्याचे मिटायले कोणी नव्हतं."

यावर मी काय बोलणार होते? बराच वेळ आम्ही दोघं गप्प होतो. नंतर मी म्हटलं, "भाऊ, मी चुकीचं ऐकत होते. तुम्ही बाबांच्या कामाच्या मातीविषयी बोलता असं मला वाटत होतं."

ते विचारात पडले. "तेही आहेच," म्हणाले. "साच्याचं काम बाबाले आवडलं नव्हतं, ते खरंच आहे. पण पहिले हे."

तेवढ्यात बेल वाजली. शेजारची चार-पाच वर्षांची मुलगी लाकडी नंदी दोरीनं ओढत बोजारा मागायला आली होती. नंदीच्या शिंगांना बेगड, गळ्यात फुगा, एक चाक डुगडुगतं. एरवी सत्र चालू असताना मी दार उघडत नाही. त्या दिवशी उघडलं. भाऊंनी खिशातून वीसची नोट काढून तिला दिली, खाली वाकून ते चाक निरखलं, खुंटी अंगठ्यानं आत दाबली आणि नंदी एकदा पुढेमागे चालवून पाहिला. हात अगदी स्थिर होता.

रात्री मी फ्रॉइडचा चित्रकार लिओनार्दो दा विंचीवरचा १९१० चा निबंध पुन्हा काढून वाचला. लिओनार्दोनं लहानपणची एक आठवण लिहून ठेवली आहे. तो पाळण्यात असताना एक पक्षी आला आणि त्यानं शेपटीनं त्याचे ओठ उघडले. इटालियनमध्ये तो पक्षी आहे निब्बिओ, म्हणजे घार. फ्रॉइडच्या हाताशी असलेल्या जर्मन भाषांतरात घारीचं गिधाड झालं होतं. त्या गिधाडावरून तो थेट इजिप्तच्या गिधाडरूपी 'मूट' नावाच्या देवतेपर्यंत पोचला आणि तिथं त्याला आई सापडली. १९२३ मध्ये ही भाषांतराची चूक छापील लेखात दाखवून दिली गेली. आई सापडायला इजिप्तला जायची गरजच नव्हती, असं मला त्या रात्री वाटत राहिलं. घारीचं चित्त पिलांपाशी असतं हे आपण मराठी माणसं लहानपणापासून ऐकत आलो आहोत. अर्थात लिओनार्दो मराठी नव्हता, आणि त्याच्या गावात घारीबद्दल काय म्हणत ते त्याच्याच गावात विचारायला हवं. पण हा निबंध फ्रॉइडचा अतिशय लाडका होता, आणि तो का हे मला आता कळतं. आपण रचलेला अर्थ सुंदर असला की मूळ शब्द पुन्हा तपासावासा वाटत नाही.

आणखी एक गोष्ट खटकली. १९१३ साली रोममध्ये मायकेलअँजेलोनं घडवलेल्या मोझेसच्या पुतळ्यापुढे फ्रॉइड तीन आठवडे रोज जाऊन उभा राहत होता. दाढीत अडकलेलं बोट, हातातून निसटू पाहणाऱ्या धर्माज्ञांच्या पाट्या, सगळं त्यानं बारकाईनं टिपलं. तो निबंध मी कितीतरी वेळा शिकवला आहे. पण तो उभा होता ती घडून झालेल्या मूर्तीपुढे. मीसुद्धा कायम तिथंच उभी राहिले. ज्याच्या हातात ब्रश आहे आणि समोर अजून डोळे नाहीत, अशा माणसाला विचारायचं असतं ते वेगळं असतं. भाऊंच्या हाताचा अर्थ मी शोधत होते. तो हात कशासाठी थांबला आहे, हे मी त्यांना विचारायला हवं होतं.

वहीतली ती ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली तारीख घालून लिहिलं: मातीला, म्हणजे पोचवायला.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत, येणार नाहीत हे ठाऊकच होतं. घरोघरी गणपती बसले होते. त्यानंतरच्या गुरुवारी आले, दाढी केलेली, नखं स्वच्छ. बसले, पाणी प्यायले.

"किती झाल्या या वर्षी?" मी विचारलं.

"बेचाळीस. अडतीसचे डोळे पुतण्यानं केले. तीन मी केले." हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं, आणि मीही मध्ये काही बोलले नाही.

"आणि एक?"

"एक ठेवली बिनडोळ्याची. बाबाच्या हातची माती थोडी उरली होती, कोठीत, पोत्यात बांधलेली. इतके दिवस हात लावला नव्हता. भिजवली, मळली, एवढी केली." त्यांनी हातानं वीतभर उंची दाखवली. "सोंड केली, कान केले. डोळे नाही आखले. चतुर्थीच्या आदल्या रात्री बादलीत पाणी घेतलं, बायकोले सांगितलं जेवून घे म्हणून, अन् सोडली पाण्यात."

"मग?"

"बसलो बाजूले. पहिले कान गेले. मंग सोंड. पोट लवकर जात नाही, दाबून भरलेलं असते. पहाट झाली जाता जाता. धाकटा येऊन बसला होता मधात कधीतरी, बोललो नाही काही." ते थोडं थांबले. "सकाळी पाण्यावर काथ्या तरंगून राहिला होता. मातीत मिसळतो ना आपण, तो. गाळून घेतला, पिळला, गच्चीवर वाळत टाकला. पुढच्या वर्षी कामात येईन."