अर्जुनाचे घोडे आणि शेजारणीचं विरजण

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाच्या स्पर्धेला मी रहस्यकथा पाठवली होती. उत्तरच आलं नाही, ना हो ना नाही. मग ती मावशीला वाचायला दिली. मावशी म्हणजे लायब्ररीतून आठवड्याला दोन पुस्तकं आणून फडशा पाडणारी बाई. तिने वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "अगं ती बाई कपाट उघडते तेव्हा मी कशाला घाबरू? आत काय आहे ते सांगितलं नाहीस, बाहेरून कोण येणारे ते पण नाही. मला वाटलं साडी शोधतेय."

साडी!! सहा पानं जीव तोडून मी सगळं लपवलं होतं, बाईचं नाव पण तिसऱ्या पानापर्यंत येऊ दिलं नव्हतं, कारण माझ्या डोक्यात पक्कं होतं की सस्पेन्स म्हणजे लपवणं, आणि जेवढं लपवू तेवढा वाचक श्वास रोखून बसणार. तो बसतो खरा, पण जांभई देत.

दोन दिवस रुसून झाल्यावर एक जुनं कीर्तन आठवलं. आजोळच्या देवळात रामनवमीच्या उत्सवात रोज रात्री कीर्तन असायचं आणि एकदा बुवांनी उत्तररंगात जयद्रथवधाचं आख्यान लावलं होतं. आता बघा, देवळातल्या प्रत्येकाला शेवट माहीत होता. "हा सूर्य आणि हा जयद्रथ" हे तर आपण भांडताना पण म्हणतो, पुरावा समोर आपटताना. तरी त्या रात्री बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या आणि माझा मामा, जो एरवी पूर्वरंगातच डुलक्या काढायचा, तो टक्क जागा होता.

का? कारण बुवांनी काहीच लपवलं नव्हतं. युद्धाचा १३वा दिवस, अभिमन्यू गेला, बाकीच्या पांडवांना व्यूहाच्या तोंडाशी जयद्रथाने अडवून धरलेलं. रात्री अर्जुन प्रतिज्ञा करतो की उद्या सूर्य मावळायच्या आत त्याला मारीन, नाहीतर अग्निकाष्ठं भक्षण करीन. संपलं, सगळे पत्ते उघडे. वर हेरांनी ही बातमी कौरवांकडे पण पोचवली, जयद्रथ घाबरून घरी निघाला, द्रोणांनी त्याला धीर देऊन थांबवला. म्हणजे आता कौरवांना जिंकायची पण गरज नाही, फक्त संध्याकाळ करायची आहे! मला वाटतं घड्याळाची ही आयडिया यापेक्षा चांगली कोणी वापरली नसेल. मावळतीकडे बघितलं की किती वेळ उरलाय ते कळतं, लेखकाने मध्येमध्ये सांगावं पण लागत नाही.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. १४व्या दिवशी, शत्रूच्या सैन्यात पार आत घुसल्यावर, अर्जुनाचे घोडे दमतात. बाण लागलेत, तहानलेत, पुढे जाईनात. मग रथ थांबतो. भर रणात! कृष्ण घोडे सोडतो, अर्जुन जमिनीवर उभा राहून चारी बाजूंनी येणाऱ्यांना थोपवतो, जमिनीत बाण मारून पाणी काढतो, आणि कृष्ण शांतपणे घोड्यांचे बाण उपटतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो. बुवांनी इथे पेटीवाल्याकडे बघून चक्क पद सुरू केलं. संथ. घोड्यांच्या पाठीवरून हात फिरवल्याचा अभिनय करत, घाई नाही, काही नाही. सूर्य उतरतोय आणि हा माणूस घोडे चोळतोय!

आपल्या सिरीयलवाल्यांना उशीर करणं माहीत आहे, पण त्यांचा उशीर म्हणजे तीनदा झूम, तीनदा ढिश्श, मग ब्रेक. त्याने जीव वरखाली होत नाही, रिमोट शोधावासा वाटतो. घोड्यांचा उशीर खरा आहे. घोडे खरंच दमलेत, पाणी पाजल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, आणि पाजलं तर वेळ जाणार. वाचकाला पण वाटतं की पाजायलाच हवं, आणि तिथेच तो अडकतो.

तिकडे युधिष्ठिराचं वेगळंच. त्याला लांबून कृष्णाचा शंख, पांचजन्य, ऐकू येतो पण अर्जुनाच्या गांडीव धनुष्याचा आवाज येत नाही. आपल्याला माहितीये अर्जुन ठीक आहे, त्याला माहीत नाही. काळजीने तो सात्यकीला पाठवतो, ज्याला अर्जुनाने याच्याच रक्षणासाठी मागे ठेवलं होतं. सात्यकी पोचल्यावर अर्जुन खूश नाही होत, वैतागतो, की धर्मराजाला सोडून आलास कशाला, त्याला द्रोणांपासून आता कोण वाचवणार. मदत आली आणि डोक्याला ताप वाढला. हे महाभारतात वाचताना मी पेन्सिलीने मार्जिनमध्ये "अरे देवा" लिहिलंय.

एका बाबतीत मात्र मला मूळ कथेपेक्षा आमचे बुवा सरस वाटतात (माफी असावी). जयद्रथाच्या बापाचा वर होता की याचं मस्तक जो जमिनीवर पाडेल त्याच्या डोक्याची शंभर शकलं होतील. महाभारतात कृष्ण हे अगदी आयत्या वेळी अर्जुनाला सांगतो. लेखक म्हणून मला ते जरा चीटिंग वाटतं. बुवांनी तो वर आख्यानाच्या सुरुवातीलाच, जाता जाता, एका वाक्यात सांगून टाकला होता आणि पुढे तासभर नाव काढलं नाही. मग सूर्य झाकला, जयद्रथाने मान वर काढली, सूर्य परत दिसला, अर्जुनाने धनुष्य ओढलं, आणि पहिल्या रांगेतली एक म्हातारी जोरात ओरडली, "अरे डोकं! डोकं खाली पडेल!" तबलजी पण दचकला. बुवा थांबले, उपरणं सारखं केलं, तिच्याकडे बघून हसले. आणि मगच ते मस्तक बाणांवरून उडत जाऊन बापाच्या मांडीवर पडलं आणि तो दचकून उठल्यावर त्याच्याच हातून जमिनीवर.

तर मी कथा परत लिहायला घेतली. आता पहिल्याच पॅराग्राफमध्ये सांगते की कपाटात नवऱ्याने लपवलेलं पासबुक आहे आणि त्या लोखंडी कपाटाचं दार करकरतं. नवऱ्याचा मेसेज येतो, "ठाणे सोडलं". घर डोंबिवलीला, म्हणजे तिच्याकडे अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं. ती किल्ली लावते आणि बेल वाजते. शेजारीण, हातात वाटी. विरजण संपलंय. आता नाही म्हणावं तर ती म्हणणार, दुपारी तर दही लावत होतीस, आणि संशय नको म्हणून आत घ्यायचं तर ती पाच मिनिटांत उठणाऱ्यांपैकी नाही. बसते, पंखा वाढवायला सांगते, आणि विचारते, कपाटाला किल्ली का लटकतेय गं.

शेवट अजून नीट बसलेला नाहीये, पासबुकात नक्की काय सापडतं ते मी तीनदा बदललंय. पण अर्धी कथा मावशीला व्हॉट्सॅपवर पाठवली होती, आणि रात्री साडेअकराला तिचा फोन. हॅलो नाही, काही नाही.

"ती भवानी वाटी घेऊन उठते की नाही एकदाची?"