नऊच्या तारा काढून अकराच्या लावल्या तेव्हा

आमच्या ग्रुपमधली गायिका बहुतेक गाणी अर्धा सूर खाली गाते. त्यामुळे माझी गिटार कायम ई फ्लॅटला असते, म्हणजे सहावी, सगळ्यात जाड तार पांढरी तीनऐवजी काळी दोनला. माझा सेट ९-४२ चा होता, म्हणजे पहिली, सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच जाडीची आणि सहावी ०.०४२ इंचाची. या तारा एवढ्या उतरवल्या की ढिल्या पडतात. जोरात स्ट्रोक मारला की जाड तारेचा सूर आधी वर जातो आणि मग जागेवर येतो. ऱ्हिदम वाजवणाऱ्याला हे फार खटकतं. म्हणून ११-४९ चा सेट आणला.

तारेचा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साडेपंचवीस इंची स्केलवर (तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर) नेहमीच्या ट्युनिंगमध्ये ०.००९ इंचाच्या पहिल्या तारेवर सुमारे ५.९ किलो ताण असतो, ०.०११ वर ८.९ किलो. सहा तारांचा मिळून हिशेब सुमारे ३८ किलोंवरून ५४ वर जातो. अर्धा सूर खाली आलं की त्यातला साधारण ११ टक्के कमी होतो. म्हणून ई फ्लॅटमधल्या अकराच्या तारा हाताला नेहमीच्या ट्युनिंगमधल्या दहाच्या तारांसारख्याच लागतात. अमेरिकन ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे व्हॉन १३ ची पहिली तार लावायचा ती ई फ्लॅटमध्येच. त्याचं ऐकून तेराचा सेट घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

नट, म्हणजे नेकच्या (गिटारच्या मानेच्या) टोकाची तारांच्या खाचा असलेली पट्टी, मी कारागिराकडे दिला. बेचाळीसच्या तारेसाठी कापलेल्या खाचेत एकोणपन्नासची तार नीट बसत नाही, वरच अडकते. मग ट्यून करताना ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर उडी मारतो. खाच रुंद करायची, खोल नाही. ती खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या पट्टीवर) खरखरते आणि बहुतेक वेळा नटच बदलावा लागतो. त्यासाठीच्या कानशी प्रत्येक जाडीला वेगळ्या असतात, त्या एका कामासाठी विकत घेण्यात अर्थ नव्हता.

बाकीचं सगळं घरी केलं. माझी गिटार स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार) पद्धतीची, ट्रेमोलोवाली, म्हणजे दांडीने ब्रिज हलवून सूर वरखाली करता येणारी. तिचा ब्रिज, तारांचं खालचं टोक जिथे बसतं तो भाग, म्हणजे तराजूच: एका बाजूला तारा, दुसऱ्या बाजूला पाठीतल्या स्प्रिंगा. जाड तारा चढवल्यावर ब्रिज पुढे झुकला आणि मागून उचलला गेला. मी तीन स्प्रिंगांना चौथी जोडली आणि क्लॉचे (स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे) दोन्ही स्क्रू थोडे थोडे आवळत गेले. दर वेळी तारा पुन्हा सुरात आणायच्या, कारण एक सुरात आणली की बाकीच्या पाच हलतात. यात घाई चालतच नाही. ब्रिजच्या मागच्या कडेखाली सुमारे ३ मिलिमीटर फट राहिली तेव्हा मागची प्लेट बसवली.

मग नेक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबली आणि आठव्या फ्रेटपाशी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला. पाव मिलिमीटर फट हवी होती, ती अर्ध्याच्या पुढे गेली होती, म्हणजे नेक पुढे वाकली होती. तारा जरा सैल करून ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने पाव वळण फिरवला, पुन्हा ट्यून केलं आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी आणखी थोडा फिरवला. रॉड जड लागला तर तिथेच थांबावं, जोर लावू नये.

नेक सरळ झाल्यावरच ॲक्शनला, म्हणजे तारांच्या फ्रेटपासूनच्या उंचीला, हात लावावा, कारण नेक हलली की ॲक्शन बदलते आणि ॲक्शन बदलली की इंटोनेशन, म्हणजे फ्रेटवर दाबलेल्या सुराचा अचूकपणा. बाराव्या फ्रेटवर पहिली तार १.६ मिलिमीटर, सहावी २ मिलिमीटर ठेवली. मग प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्युनरवर पडताळला. दाबलेला सूर चढा लागला की सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे न्यायचं. जवळजवळ सगळी सॅडल मागे गेली, तिसऱ्या तारेचं सगळ्यात जास्त.

शेवटी पिकअपची (तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकी भागाची) जाड तारांकडची बाजू थोडी खाली घेतली, कारण जाड तारेचा आवाज पिकअपमधून जास्त मोठा येतो आणि बाकीच्यांना दाबून टाकतो. सहाव्या तारेचा सूर आता कितीही जोरात वाजवला तरी जागेवर राहतो. तिसऱ्या तारेवर पूर्ण स्वराचा बेंड (तार ओढून सूर चढवणं) घ्यायला मात्र तीन बोटं एकत्र लावावी लागतात आणि त्याची सवय अजून सुरूच आहे.