लेकराच्या डोळ्याला लेसर? आधी नंबर थांबू द्या

दहावी झाली, लातूरला क्लास लावायचं ठरलं, की घरात हटकून एक प्रश्न निघतो: याच सुट्टीत लेसर करून पोराचा चष्मा एकदाचा घालवता येईल का? पंधरा-सोळाव्या वर्षी याचं उत्तर जवळजवळ नेहमीच ‘नाही’ असतं. यात लेसरचा काही दोष नाही. डोळ्याची वाढच अजून चालू असते.

जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे साधारण 17 मिलिमीटर असतो, मोठ्या माणसाचा 23 ते 24. ही लांबी गरजेपेक्षा 1 मिलिमीटर वाढली तर अडीच-तीनचा मायनस नंबर येतो. लेसरने ही लांबी कमी होत नाही. डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, तेवढी घासून तिचा आकार बदलतात. मागचा डोळा वाढतच राहिला तर नंबर परत येणार.

‘परत आला तर परत करू,’ असं म्हणणाऱ्यांनी जरा हिशेब मांडावा. कॉर्निया 520 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड धरा. लॅसिक या लेसर ऑपरेशनमध्ये कॉर्नियाचा वरचा पापुद्रा 110 मायक्रॉनचा उचलला, खाली उरले 410. एका नंबरला सुमारे 15 मायक्रॉन जातात. मायनस 6 साठी 90 गेले, उरले 320. चार वर्षांत आणखी 3 नंबर वाढला तर अजून 45 जाणार, म्हणजे 275. बहुतेक सर्जन खाली 280 ते 300 तरी राखतात, 250 च्या खाली तर जातच नाहीत. घासलेला कॉर्निया पुन्हा भरून येत नाही.

दुसरी भीती केरॅटोकोनसची. यात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, आणि हा आजार बहुधा ऐन किशोरवयातच डोकं वर काढतो. आपल्याकडे उन्हाळ्यातली धूळ आणि कोरडी हवा. ॲलर्जीने डोळे लाल, आणि लेकरू दिवसभर मुठीने डोळे चोळतंय. हे चोळणंच घातक. अशा कॉर्नियावर लेसर झालं तर तो आणखी कमजोर होतो, म्हणून आधी टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी, करतात. आणि मेडिकलवरून स्वतःच्या मनाने आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालू नका. त्याने काचबिंदू होतो, मोतीबिंदूही.

शिवाय हे ऑपरेशन नुसते थेंब टाकून, माणूस जागा असताना होतं. दिव्याकडे टक लावून बघायचं असतं. लहान मुलाला ते जमत नाही, पूर्ण भूल द्यावी लागते.

अपवाद आहे, पण अगदी थोड्यांसाठी. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा खूप जास्त, त्यामुळे तो डोळा आळशी होत चाललाय, म्हणजे मेंदू त्याचा वापरच कमी करतोय, आणि चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स, चांगल्या डोळ्यावर पट्टी सगळं करूनही मूल दाद देत नाही. तिथे लहान मुलांचे नेत्रतज्ज्ञ लेसरचा विचार करू शकतात. हेतू आळशी डोळा वाचवण्याचा; चष्मा त्यानंतरही लागू शकतो.

मग आत्ता काय करायचं? नंबर नीट काढून घ्या. नुसत्या मशीनवर काढलेला नंबर मुलांमध्ये फसवतो, कारण त्यांचा डोळा जवळचं बघायला जोर लावतो आणि मायनस जास्त दिसतो. म्हणून बाहुली मोठी करणारं औषध घालून तपासतात. लहान मुलांना कधी ॲट्रोपीनचा मलम तीन दिवस घरी लावायला देतात: तांदळाच्या दाण्याएवढाच. तोंड लाल झालं, ताप आला, तर मलम थांबवून डॉक्टरांना फोन करा. मे महिन्यात हा ताप उन्हाचा समजून सोडून देतात. मलम लावल्यावर दहा-बारा दिवस जवळचं धूसर दिसतं, म्हणून परीक्षेच्या तोंडावर ही तपासणी ठेवू नका.

नंबर भराभर वाढत असेल तर डॉक्टर रोज रात्री कमी ताकदीच्या ॲट्रोपीनचा एक थेंब सुचवतात. रोज दोन तास उघड्यावर खेळणंही हवं, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ. पूर्ण नंबरचा चष्मा दिला तर नंबर वाढतो, हा गैरसमज आहे. तो कमी करून मागू नका.

लेसरसाठी किमान 18 वर्षं पूर्ण हवीत आणि वर्षभरात नंबर 0.5 पेक्षा जास्त बदललेला नसावा. सैन्यात किंवा पोलिसात जायचं असेल तर भरतीचे वैद्यकीय निकष आधी वाचा. तपासणीआधी सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे बंद ठेवा. आणि चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्या तारखेसकट एका पिशवीत जपा; नंबर थांबला की नाही, हे सर्जन त्यांवरूनच ठरवतो.