बूटवाल्याचं दुकान

दुपारी एक बाई ट्रायलला उभ्या होत्या आणि मी जमिनीवर बसून घेराला टाचण्या लावत होते. त्यांचा फोन वाजला. उद्या ड्रेस घेऊन जा, असं त्या नवऱ्याला सांगत होत्या. त्याला जागा कळेना, तर म्हणाल्या, "अरे, ते बूट दुरुस्तीवाल्याचं जुनं दुकान नाही का, तेच."

टाचणी माझ्याच बोटात गेली. घडलं ते एवढंच. पण रात्रीचे अकरा वाजले तरी मनातून जात नाहीये.

अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या डॉयल्सटाउनमध्ये दुकान मांडून चौदा वर्षं झाली. बूटवाले म्हातारबा त्याच्याही आधी गेले. माझ्या दुकानाची पाटीसुद्धा सहज लागलेली नाही. इमारत जुन्या वस्तीच्या हद्दीत आहे, रस्त्यावरून दिसणारं काहीही बदलायचं तर आधी समितीची मंजुरी. रंगाचे नमुने काखोटीला मारून मी दोनदा गेले होते. त्याचा राग नाही. त्या नियमांमुळेच ही विटांची घरं टिकली आहेत आणि मला ती मनापासून आवडतात. पण पाटी वाचायची तरी! दर मे महिन्यात प्रॉमचे, म्हणजे हायस्कूलच्या नाचाच्या समारंभाचे, ड्रेस रात्री जागून उसवते, शिवते. साडीला फॉल-बिडिंग करायला बायका तासभर गाडी चालवून येतात. आणि मी कोण? बूटवाल्याच्या जागेत बसलेली.

मनूला सांगितलं तर म्हणाला, आई, जाहिरात कर. जाऊ दे. मनूचा विषय आज नको.

या मुलखात चौदा वर्षं म्हणजे काहीच नाही, हेही खरं. इथे दर नाताळाला लोक डेलावेअरच्या काठी जमून स्वातंत्र्ययुद्धातली १७७६ ची ती रात्र पुन्हा उभी करतात, वॉशिंग्टन सैन्य घेऊन नदी ओलांडतो ती. काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, नाव तरी कुठे इथलं आहे? पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनने १६८२ मध्ये पहिल्या तीन काउंट्या आखल्या, त्यातली ही बक्स, इंग्लंडातल्या बकिंगहॅमशरवरून. समुद्र ओलांडून आला आणि नव्या जमिनीला मागे सुटलेल्या मुलखाचं नाव दिलं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पेनबद्दल एकदम माया वाटली होती.

ताईला फोन केला. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल. तर म्हणाली, "लकडी पुलाला तू काय म्हणतेस?" लकडी पूलच म्हणते. त्यात लाकूड कधीपासून नाही, नावही बदललंय, पण मी पुण्यात उतरले की रिक्षावाल्याला लकडी पूलच सांगते. गप्प बसले.

मग आठवलं, डॉयल्सटाउन तरी कुणाचं? विल्यम डॉयल नावाच्या माणसाने १७४५ मध्ये इथे, दोन रस्ते मिळतात तिथे, खाणावळ चालवायचा परवाना काढला. सेनापती नव्हता, गव्हर्नर नव्हता. वाटसरूंना जेवण आणि निजायला जागा द्यायचा. त्याची खाणावळ गेली, नाव गावालाच चिकटलं. म्हणजे लोक अजूनही पत्ता त्याच्याच दुकानाचा सांगतात. दुपारपासून पहिल्यांदाच जरा हलकं वाटलं.

मर्सर म्युझियममध्ये मी पूर्वी ह्यांच्याबरोबर जायचे. आता एकटी जाते, क्वचित. १८९७ मध्ये हेन्री मर्सरला भंगाराच्या ढिगात जुनी हत्यारं दिसली आणि यंत्रांपुढे मागे पडलेल्या एकेका धंद्याची अवजारं तो जमवत सुटला. मग त्यांच्यासाठी काँक्रीटची उंचच्या उंच इमारत बांधली. छताला नाव टांगली आहे, घोडागाडी टांगली आहे. त्यातच बूट शिवणाऱ्यांची हत्यारंही आहेत. ती पाहताना मला कधी म्हातारबांची आठवण झाली नव्हती. आज झाली.

दुकान घेतलं तेव्हा तळघरात एक लोखंडी पाय सापडला होता, बूट उलटा चढवून खिळे ठोकतात तो. चौदा वर्षं मी त्याने दार अडवते आहे. आज बंद करताना उचलून आत आणला, पुसला, मशीनशेजारी ठेवला. चांगलाच जड आहे.

दुकानाच्या लीजचं पाकीट आलंय, ते अजून फोडलेलं नाही.

त्या बाईंचा घेर रात्रीच टीप मारून ठेवला. त्यांचा नवरा सकाळी नऊला येणार आहे. दुकान त्याला सापडेल.