अंबाझरीच्या काठावर जहाजाचे पाणी

रजेवर आलेल्या भाच्यासोबत आज नागपूरच्या अंबाझरी तलावावर फिरायला गेलो असता, काठाची, मूळची परदेशी जलपर्णी पाहून त्याने (जहाजावर इंजिनिअर आहे तो) विषय थेट बॅलास्ट पाण्याकडे नेला. रिकामे जहाज तोल राखण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेते आणि दुसऱ्या बंदरात सोडते, तेव्हा त्यासोबत परके जीवही उतरतात. काळ्या समुद्राकडचा झेब्रा शिंपला उत्तर अमेरिकेच्या सरोवरांत असाच पोहोचला. २०१७ साली लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय करारामुळे आता हे पाणी गाळून, बहुधा अतिनील किरणांनी किंवा क्लोरिनने निर्जंतुक करावे लागते. सोडताना घनमीटरमागे ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा विसावा भाग) वा त्याहून मोठे जिवंत जीव १० पेक्षा कमी असावे लागतात. "मामा, गढूळ बंदरात फिल्टर सतत तुंबतो," असे म्हणत त्याने बुटाच्या टोकाने जलपर्णीचा फुगीर देठ उलटवला. घनमीटर म्हणजे हजार लिटर. आमच्या गच्चीवरची टाकी बरोबर तेवढी आहे.