वेलांटी पहिली की दुसरी

गुरुवार, रात्री

आज त्याने फळ्यावर 'भाकरी' लिहिलं. तिसरीच्या वर्गात हा शब्द कुणाच्या खिजगणतीतही नसतो. मी मात्र दिवसभर तोच घेऊन फिरतेय.

जूनमध्ये 'लक्ष देत नाही' म्हणून मीही मोकळी झाले होते. तोंडी गणितं सगळ्यांआधी सोडवणाऱ्या पोराला तेच गणित पुस्तकातून का वाचता येत नाही, हा प्रश्न मला पडायला दिवाळी उजाडली. याची लाज वाटते. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य यांत त्याची रोज गल्लत व्हायची. जोडाक्षर आलं की गाडी थांबायची. आणि वेलांटी पहिली की दुसरी, हे तो माझ्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचा.

'अध्ययन अक्षमता', म्हणजे हुशार असूनही वाचता-लिहिताना अडणं, हा शब्द आधी उच्चारला तो तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून येणाऱ्या विशेष शिक्षिकेने. तिच्याकडे इतक्या शाळा, की आमच्या वाट्याला महिन्यातला एखादा दिवस. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ही अक्षमता आहे, तपासणी साधारण आठव्या वर्षापासून होते, हे तिनेच समजावलं. पण तपासणीला जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे त्याच्या आईची मजुरी बुडणार. ती दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, पोरगं येडं तर नाही ना हो माझं?" मी तिला आत बसवलं आणि त्याची तोंडी गणितं ऐकवली.

तपासणीचा कागद मिळेल तेव्हा मिळेल. तोवर ताटात वाळू घेऊन बोटाने अक्षरं गिरवणं, वाचताना ओळीखाली पट्टी, चाचणीत प्रश्न मी वाचायचा आणि उत्तर त्याने सांगायचं. "त्याला तोंडी, मग आम्हाला लेखी का?" असं एका मुलीने विचारलं. रास्तच होतं. म्हटलं, ज्याला हवं त्याने तोंडी द्या. तीन हात वर आले. त्यातल्या दोघांची अडचण मला आजवर दिसलीच नव्हती! त्यांच्या वह्या आता पुन्हा नीट बघायला घेतल्यात.

'री'ला दुसरी वेलांटी देताना आज त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आई सहाला कामावरून येते, उद्या घरी जाऊन सांगेन.