उंची कुणी मोजली?

भूलशास्त्रात एमडी करायला आलेल्या मुलांना पहिल्या काही महिन्यांतच थिसिसचा विषय ठरवावा लागतो. तेव्हा इंट्यूबेशनला, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालायलासुद्धा त्यांचा हात बसलेला नसतो. मग वरच्या बॅचला विचारून विषय निघतो: स्पायनलमध्ये, म्हणजे पाठीतून देतात त्या भुलीत, बुपिवाकेन या औषधासोबत फेंटानिल बरं की डेक्समेडेटोमिडिन? दोन गट, चार तक्ते, पी व्हॅल्यू, बाइंडिंग, सही. मुलं हुशार असतात, राबतातही. पण संशोधन म्हणजे परीक्षेला बसायची अट, हे एकदा डोक्यात बसलं की पुढे निघता निघत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण अतिदक्षता विभाग हीच मुळात एका भूलतज्ज्ञाची देणगी आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, श्वास थांबून माणसं पटापट जात होती. ब्योर्न इब्सेन यांनी ऑपरेशन थिएटरमध्ये रोज करायची गोष्ट वॉर्डात नेली: गळ्यातून श्वासनलिकेत नळी घालायची आणि हाताने पिशवी दाबून श्वास द्यायचा. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या माणसाला पडलेला प्रश्न होता तो.

असे प्रश्न आमच्या मुलांनाही पडतात. गेल्या पावसाळ्यात सत्तरीतली एक बाई लेप्टोने (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला एक संसर्ग) फुप्फुसं भरून आमच्याकडे आली. शेतात लावणीला गेलेली. दुसरीकडून नळी घालूनच पाठवली होती आणि टायडल व्हॉल्यूम, म्हणजे यंत्राने एका श्वासात द्यायची हवा, ४०० मिली ठेवलेला होता. राऊंडला पहिल्या वर्षाच्या मुलीने विचारलं, "मॅडम, हिची उंची कुणी मोजली?" कागदावर फक्त वजन होतं, तेही अंदाजाने लिहिलेलं. तिने टेप आणून टाळूपासून टाचेपर्यंत मोजलं. १५० सेंटिमीटर. फुप्फुसाचं माप उंचीवर ठरतं, म्हणून हवेचा हिशोब उंचीवरून काढलेल्या वजनावर करतात. बायकांसाठीच्या सूत्राने ते येतं सुमारे ४३ किलो. किलोला ६ मिली धरले तर २६० मिली. म्हणजे बाईला किलोमागे ९ मिलीहून जास्त हवा जात होती.

हे सहा मिली कुठून आले तेही तिला ठाऊक होतं. २००० साली अमेरिकेतल्या एआरडीएस नेटवर्कने (एआरडीएस म्हणजे फुप्फुसं अचानक निकामी होण्याचा गंभीर आजार) ८६१ रुग्णांवर किलोमागे १२ आणि ६ मिलीची तुलना केली. मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, फक्त एक आकडा बदलला. पण तो आकडा उंचीवर चालतो, आणि आमचा रुग्ण आडवा असतो. झोपलेल्या माणसाची उंची टेपने मोजावी, कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडावरून काढावी, की नजरेने सांगावी? आमच्या बायकांमध्ये यातलं कुठलं खऱ्याच्या जवळ जातं? माझ्या मते थिसिस असा असावा.

आता या मुलीला लागतं काय? एथिक्स कमिटीची मंजुरी, कोकणी आणि मराठीत लिहिलेलं संमतिपत्र, ते रात्री दोन वाजता घाबरलेल्या नवऱ्याला नीट समजावून सांगण्याचं शिक्षण, माहिती गोळा करण्याआधी भेटणारा संख्याशास्त्रज्ञ. आणि सगळ्यात जास्त लागतो वेळ. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची के-अवॉर्ड, म्हणजे नव्या संशोधकांसाठीचं अनुदान, मिळालेल्या डॉक्टरचा साधारण ७५ टक्के वेळ काही वर्षं संशोधनासाठी राखून ठेवावा लागतो. काही शस्त्रक्रियेच्या शाखांना थोडी सूट असते. आमच्याकडे नाइट करून उतरलेली मुलगी डोळे चोळत एक्सेल भरते. मी पंच्याहत्तर मागत नाही. आठवड्याचा एक दिवस, ड्युटीच्या तक्त्यावर लिहिलेला, "वेळ मिळाला तर" असला नव्हे. त्या दिवशी तिचं ऑपरेशनचं टेबल दुसऱ्या कुणाला तरी सांभाळावं लागेल, म्हणजे माणसं वाढवावी लागतील, हे मला कळतं. तरीही मागते. एखादं महागडं मॉनिटर नंतर आलं तरी चालेल.

बाहेरचे निष्कर्ष वाचून भागत नाही का, असं सहकारी विचारतात. २०११ सालची फीस्ट चाचणी त्यांना दाखवते. युगांडा, केनिया आणि टांझानियातली ३,१४१ आजारी मुलं. शॉकमध्ये सलाईन भराभर द्यायचं, ही पुस्तकातली शिकवण. तसं दिलेल्या मुलांमध्ये ४८ तासांत १०.५ टक्के दगावली, न दिलेल्यांत ७.३ टक्के. हा प्रश्न तिथल्याच वॉर्डात विचारायला हवा होता, आणि विचारला म्हणून कळलं. लेप्टोचं फुप्फुस, कीटकनाशकाची विषबाधा, साप चावून श्वास थांबलेला शेतकरी हे आमचे रुग्ण आहेत. त्यांच्याबद्दल आम्हीच विचारायचं.

इथे गोव्यात ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे, सांकवाळला बिट्स हे अभियांत्रिकीचं कॉलेज आहे. तिथे संख्याशास्त्र किंवा अभियांत्रिकी शिकवणारं, शिकणारं कुणी हे वाचत असेल आणि आयसीयूत येऊन दोन तास बसायची तयारी असेल, तर मला जरूर कळवा. प्रस्ताव पुढच्या महिन्यात कमिटीपुढे जातोय. किती रुग्ण घ्यायचे, हे त्याआधी ठरवायचं आहे.